तीस दिवस लिफ्ट वापरू नये

भाऊसाहेबांच्या आयुष्यात ध्येय शिरलं ते एका शनिवारी, चहा आणि बिस्किटांच्या मधल्या वेळात.

वजनमापे कार्यालयात सत्तावीस वर्षं नोकरी झालेल्या, निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या वरिष्ठ लिपिकाला ध्येय कशासाठी हवं, हा प्रश्न त्यांना स्वतःलाही पडला होता. पण वरून पत्रक आलं होतं. सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रेरणा मिळालीच पाहिजे आणि तिचा अहवाल महिनाअखेर पाठवला पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून कार्यालयातली चौदा माणसं खुर्च्या मांडून बसली आणि टाय लावलेला एक तिशीतला व्याख्याता, समोरच्या चौदा जणांसाठी कॉलरला माईक लावून, ध्येयावर बोलू लागला.

"काका, तुमचं ध्येय काय?" त्यानं नेमकं भाऊसाहेबांनाच विचारलं.

भाऊसाहेब उभे राहिले. प्रश्न विचारला की उभं राहायचं, ही त्यांची सवय. "विभागीय परीक्षा उत्तीर्ण होणं," ते म्हणाले.

"वा! कधी आहे परीक्षा?"

"झाली. एकवीस वर्षांपूर्वी. उत्तीर्ण झालो."

हसू फुटलं. कार्यालयप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत आणि जे वयानं भाऊसाहेबांच्या धाकट्या भावाएवढे होते, तेही रुमालात हसले. व्याख्यात्यानं भाऊसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाला, "काका, या वयात एखादं छोटंसं ध्येय ठेवा. झेपेल असं."

'काका' एक वेळ भाऊसाहेबांनी गिळलं असतं. 'झेपेल असं' मात्र घशात अडकलं ते अडकलंच.

त्या तिरीमिरीत त्यांनी पुढचं सगळं व्याख्यान टिपून घेतलं. ध्येय लिहून काढावं. त्याला मुदत असावी. त्यामागचं कारण लिहावं. जिथं मोह होतो तिथंच ते चिकटवावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ध्येय मोजता आलं पाहिजे. हे शेवटचं वाक्य ऐकून भाऊसाहेबांना भरून आलं. जे मोजता येत नाही त्यावर त्यांचा जन्मात कधी विश्वास नव्हता. दुकानातल्या तराजूवर पडताळणीचा शिक्का दिसला नाही तर ते साखरसुद्धा न घेता परत येत.

रविवारी घरात ध्येयाची निवड झाली. बायकोनं सुचवलं, "ते बेडरूममधलं कपाट आवरा. नऊ वर्षं सांगतेय."

"ते मोजता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"मी मोजून दाखवते. एकेक वस्तू."

कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "बाबा, लिफ्ट सोडा. जिन्यानं या-जा. पट्ट्याला नवीन भोक पाडायला तुम्ही सुतारकाम चालू केलंय हल्ली."

हे लागलं. पण पटलंही. घर सहाव्या मजल्यावर. भाऊसाहेब लगेच पायऱ्या मोजायला गेले. एका मजल्याला एकोणीस, म्हणजे एकूण एकशे चौदा. खात्री करावी म्हणून पुन्हा मोजल्या, तर एकशे तेरा भरल्या. पुन्हा खाली गेले. चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी एका पायरीवर कुंडी ठेवली होती आणि तिला वळसा घालताना ती पायरी सुटली होती, असा शोध तिसऱ्या खेपेला लागला. घरी येऊन ते सोफ्यावर जे आडवे झाले ते जेवायलाच उठले. "आजच संपलं वाटतं ध्येय," बायको म्हणाली. तिकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. वजन केलं, ते एक्क्याण्णव भरलं. उंचीच्या मानानं चौऱ्याहत्तर हवं होतं.

आता कागद. भाऊसाहेब कार्यालयातले रद्द झालेले छापील फॉर्म घरी आणत आणि वाणसामानाच्या यादीसाठी वापरत. त्यातलाच एक घेतला. मागची कोरी बाजू मुलीनं रसायनशास्त्राच्या समीकरणांनी भरून टाकलेली, म्हणून पुढची बाजू घेतली. वरती 'वजनमापे कार्यालय' आणि त्याखाली 'सूचना' असं छापलेलं होतं, पण जागा भरपूर होती. आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं:

'सोमवारपासून तीस दिवस लिफ्ट वापरू नये. कारण : वजन मर्यादेबाहेर.'

खाली तारीख. त्याखाली सही. आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीनं सहीखाली 'वरिष्ठ लिपिक'.

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता हा कागद तळमजल्यावरच्या लिफ्टच्या दाराला चारी कोपरे नीट दाबून चिकटवला गेला, आणि भाऊसाहेब ताठ मानेनं कामावर गेले.

संध्याकाळी परतले तेव्हा जिन्यात गर्दी होती. भाऊसाहेबांना नवल वाटलं, आणि मग बरं वाटलं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दोन पिशव्या घेऊन धापा टाकत होत्या. त्या म्हणाल्या, "कमाल केलीत हो भाऊसाहेब!"

"अहो, कुणीतरी सुरुवात करायलाच हवी," भाऊसाहेब विनयानं म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की तो आदरच असणार असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या मजल्यावर विमा एजंट पायरीवर बसला होता. राहायला पाचव्यावर, निम्म्या वाटेत दम संपला होता. इमारतीत त्याला सगळे विमावाले म्हणत, कारण तो लिफ्टमध्येसुद्धा दोन मजल्यांच्या अंतरात एक योजना समजावून सांगू शकत असे. आज त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"खरंच... तीस दिवस?" त्यानं विचारलं.

"तीस," भाऊसाहेब म्हणाले. "जमलं तर पुढं वाढवीन म्हणतो."

विमावाल्याचा चेहरा पांढरा पडला. भाऊसाहेबांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि वर निघाले. एकशे चौदावी पायरी चढले तेव्हा त्यांची छाती अभिमानानं भरून आली होती. बायकोनं दार उघडलं.

"अहो, तुम्ही अख्ख्या इमारतीची लिफ्ट बंद केलीत?"

"मी? मी माझी बंद केलीय."

"दुपारपासून अकरा बायका येऊन गेल्या दारात. तुमच्या खात्यानं लिफ्टला मनाई केलीय म्हणे. वजन काहीतरी चुकीचं आहे म्हणे तिचं. सेक्रेटरींनी वीज तोडून कुलूप घातलंय."

भाऊसाहेब पाणीसुद्धा न पिता मागं वळले आणि एकशे चौदा पायऱ्या उतरले. नेमकं सांगायचं तर पंच्याण्णव, कारण सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहत.

सेक्रेटरी म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. लेखी आदेश आला की गाडी थांबवायची आणि कारण नंतर विचारायचं, या एका नियमावर त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि त्यांच्या हद्दीत कधी अपघात झाला नव्हता. त्यांनी फाइल उघडून दाखवली. सकाळी नऊ वाजता कागद दिसला. नऊ वाजून पाच मिनिटांनी वीज बंद. दहा वाजता लिफ्ट कंपनीला पत्र. अकराला लिफ्ट-तपासणी कार्यालयाला पत्र, सोबत सूचनेची नक्कल. दोन्ही पत्रांच्या पोचा टाचणीनं लावलेल्या.

"अहो, पण मला एका शब्दानं विचारायचं!" भाऊसाहेब कळवळले.

"आदेश काढणाऱ्याला विचारतात होय?"

"आदेश नाही तो! माझं ध्येय आहे ते!"

सेक्रेटरींनी चष्मा लावून नक्कल पुन्हा वाचली. "कारण, वजन मर्यादेबाहेर. कुणाचं वजन?"

"माझं."

सेक्रेटरींनी चष्म्यावरून भाऊसाहेबांना वरपासून मधोमध आणि मधोमधपासून खालपर्यंत पाहिलं. मधोमध नजर जरा जास्त वेळ थांबली. "मग तसं लिहायचं होतंत," ते म्हणाले. "आता तपासणी कार्यालयाकडे नोंद झालीय. त्यांचं लेखी आल्याशिवाय मी कुलूप काढणार नाही."

मंगळवारी भाऊसाहेब अर्धा दिवस रजा टाकून लिफ्ट-तपासणी कार्यालयात गेले. तिथं तक्रार नोंदवायला तीन खिडक्या होत्या. मागं घ्यायला एकही नव्हती. एका खिडकीतल्या कारकुनानं रजिस्टर चाळलं. "तक्रारदार, वजनमापे कार्यालय. मग तुमच्या कार्यालयप्रमुखांचं पत्र आणा, सूचना मागं घेतली म्हणून." भाऊसाहेबांनाही त्याच्या जागी बसून हेच सांगावं लागलं असतं, त्यामुळे भांडणही करता येईना.

दुपारी कामावर पोचले तर साहेबांच्या टेबलावर त्या कार्यालयाचं पत्र त्यांच्याआधी पोचलेलं. आपण कोणत्या अधिकारात लिफ्ट बंद केलीत, असं त्यात नम्रपणे विचारलं होतं.

"भाऊसाहेब, हे काय?" साहेब म्हणाले.

भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं. साहेबांनी पुन्हा रुमाल काढला, पण या वेळी तो कपाळाला लावला.

"सूचना मागं घेतल्याचं पत्र दिलंत तर मिटेल, साहेब."

"जी सूचना आपण काढलीच नाही, ती मागं कशी घेणार? मागं घेतली की काढली होती असं कबूल केल्यासारखं होईल. नाही. त्यांना रीतसर तपासणी करू दे. आणि तुमच्याकडून लेखी खुलासा मागवावा लागेल मला."

कार्यालयात मेमो टाइप करण्याचं काम भाऊसाहेबांकडेच होतं. तेव्हा त्यांनी स्वतःला द्यायचा मेमो स्वतःच टाइप केला, साहेबांच्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या, सही घेतली, जावक रजिस्टरला चढवला, मग समोरच्या खुर्चीवर बसून तो स्वीकारला आणि पोच दिली. या सबंध काळात त्यांनी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही.

इमारतीत मात्र चेहरा राखणं कठीण होतं. खरा प्रकार एव्हाना सगळ्यांना कळला होता, आणि भाऊसाहेब जिन्यात दिसले की माणसं आपोआप थांबून सल्ला देत. थांबायला त्यांना कारण हवंच होतं. एकानं सांगितलं, वजनासाठी सकाळी कोमट पाणी प्या. दुसऱ्यानं सांगितलं, कोमट पाण्यानंच वाढतं. विमावाल्यानं चढताना नाकानं आणि उतरताना तोंडानं श्वास घ्यायला सांगितलं, आणि त्याचं प्रात्यक्षिक करताना त्याला ठसका लागून तो खाली बसला.

या सगळ्यात एकच माणूस जिन्यात दिसत नव्हतं, ते म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या बाई. चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचा डावा गुडघा पायरीचं नाव काढलं तरी दुखायचा. दर गुरुवारी त्या लिफ्टनं खाली उतरत, रिक्षानं वाचनालयात जात आणि तीन जुन्या सहकारी बायकांबरोबर दुपारभर पत्ते कुटत. हा त्यांचा आठवड्यातला एकमेव कार्यक्रम.

पहिला गुरुवार बुडाला तेव्हा भाऊसाहेब माफी मागायला त्यांच्या दारात गेले. बाईंनी त्यांना आत बसवलं आणि तो कागद मागितला. सेक्रेटरींकडून घेतलेली त्याची एक नक्कल भाऊसाहेबांनी खिशात बाळगली होती. बाईंनी ती वाचली.

"लिफ्ट वापरू नये," त्या म्हणाल्या. "कुणी?"

"मी."

"कुठाय मी? या वाक्यात कर्ता कुठाय, भाऊसाहेब?"

 चौपन्नाव्या वर्षी भाऊसाहेबांना बाकावर उभं राहिल्यासारखं वाटलं.

"एक 'मी' लिहिला असतात तर मी आज खाली असते. तुम्हां कचेरीतल्या लोकांना कर्ता गाळायची सवय. करण्यात यावे, कळवण्यात येते! कोण करतो, कोण कळवतो, पत्ता नाही." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "जाऊ द्या. उद्या येताना तेवढं वर्तमानपत्र आणि दूध आणाल?"

आणली. त्याच्या पुढच्या दिवशी औषधं आणली. मग चौथ्या मजल्यावरच्या बाळंतिणीसाठी डॉक्टरांची बॅग वर नेली. मग कुणाचा इस्त्रीचा गठ्ठा, कुणाचा दुरुस्त होऊन आलेला मिक्सर. कुणी बळजबरी केली नव्हती. पण खाली फाटकाशी जड काही घेऊन उभा असलेला माणूस नुसता भाऊसाहेबांकडे बघायचा आणि भाऊसाहेब आपोआप हात पुढं करायचे. दिवसाला चार-चार, पाच-पाच खेपा होऊ लागल्या.

एवढं होऊनही, तीस दिवसांच्या खुणांसाठी भाऊसाहेबांनी घरात लावलेल्या तक्त्यावर एकही बरोबरची खूण नव्हती. त्याचं कारण बायको. पहिल्या मंगळवारी रात्रीच्या जेवणाला ती सहज म्हणाली होती, "लिफ्ट बंदच आहे. बंद लिफ्ट न वापरण्यात कसलं आलंय ध्येय? मोह कुठाय?"

भाऊसाहेबांना हे मान्य करावं लागलं. मुद्दा बिनतोड होता. ज्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काहीच नाही त्यावर केलेलं वजन धरत नाहीत. त्यांनी तक्त्यावर 'लिफ्ट सुरू झाल्यापासून मोजणी' असा शेरा मारला आणि निमूटपणे शून्य दिवसांवर जिने चढत राहिले.

पहिल्या शुक्रवारी तपासणी कार्यालयाचं उत्तर आलं. वजनाबाबतची तक्रार असल्यानं लिफ्टची भारचाचणी होईल. सहा माणसं, चारशे आठ किलो. त्यासाठी तितकी पडताळणी केलेली वजनं वजनमापे कार्यालयाकडून अर्ज करून मागवावीत. सेक्रेटरींनी त्याच दिवशी अर्ज केला. तो आवक टेबलावर भाऊसाहेबांच्याच हातात आला. त्यांनी शिक्का मारला आणि क्रमांक घातला. नववा. आधीचे आठ अर्ज संपायला तीन आठवडे लागणार होते.

"तुमच्याच हातात आहे ना सगळं?" बायको भडकली. "मग पहिला घाला की. रांग कसली घेऊन बसलात! बाई बिचाऱ्या घरात कोंडून पडल्यात."

"त्या आठ जणांनी काय पाप केलंय? त्यांचंही अडलंच असेल ना काहीतरी."

बायको दोन दिवस कामापुरतं बोलली. भाऊसाहेबांना झोप लागेना. त्यांनी रांग मोडली नाही, पण दुपारच्या जेवणाची सुट्टी सोडली, संध्याकाळी तासभर जास्त बसले आणि आठ अर्जांचा निपटारा रेटत नेला. तरी दुसरा गुरुवार बुडालाच. त्या दिवशी बाईंनी दूध घेताना नेहमीसारखी कुणाच्या वाक्याची चूक काढली नाही. नुसतं "ठेवा तिथं" म्हणाल्या. भाऊसाहेबांना ते सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त बोचलं.

अखेर तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी कार्यालयाचा टेंपो फाटकाशी उभा राहिला. वीस किलोची वीस लोखंडी वजनं, शिवाय पाच, दोन आणि एक किलोचं प्रत्येकी एक. मोजून चारशे आठ. टेंपोबरोबर भाऊसाहेब आणि जातीनं साहेब, कारण सोबत एक काटाही होता आणि काटा साहेबांच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. लिफ्टचा तपासनीस हातात पुस्तक घेऊन आला. किडकिडीत, गंभीर माणूस. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "लिफ्ट कितव्या मजल्यावर उभी आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं. एक जण धावत जाऊन आला. सहाव्या.

तपासनिसानं पुस्तक उघडलं. "बंद केलेली लिफ्ट चाचणीआधी रिकामी हलवायची नाही. जिथं उभी आहे तिथंच भार भरायचा."

 सगळ्यांनी आधी त्या वजनांकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, एक वीस किलोचं उचललं आणि चढायला लागले.

ते दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा मागून पावलं वाजली. विमावाला. छातीशी वजन धरून, नाकानं श्वास घेत. त्याच्यामागं पहिल्या मजल्यावरच्या वहिनी आणि त्यांचे यजमान, दोघांत मिळून एक. सेक्रेटरींनी खालून ओरडून सांगितलं, "असं नाही! साखळी करा! दर वळणावर एक माणूस!" आणि शिट्टी काढून वाजवली. निवृत्तीनंतर ती शिट्टी त्यांनी कुठं जपून ठेवली होती कोण जाणे. ज्याला त्याला आपापलं वळण मिळालं. भाऊसाहेबांची मुलगी तिसऱ्यावर, बायको पदर खोचून सहाव्यावर. साहेब काट्याशेजारी उभे होते. सेक्रेटरींनी शिट्टी वाजवून त्यांच्याकडे बोट केलं तसे तेही टाय खिशात कोंबून चौथ्या मजल्याच्या वळणावर गेले. लोखंड हातोहात वर सरकू लागलं. पाचव्यावर बाईंनी दारात खुर्ची घेतली होती. वर्तमानपत्राच्या कडेला रेघा मारत त्या मोठ्यानं मोजत होत्या, आणि वर्गात बोलावं तशा मधेच कुणाला तरी "पाठ सरळ!" म्हणत होत्या.

"एकोणीस!" बाई ओरडल्या. "विसावं कुठाय?"

शोधाशोध झाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर विमावाला विसाव्या वजनावर बसून घाम पुसत होता.

शेवटी सगळा भार लिफ्टमध्ये रचला गेला. वीज आली. तपासनिसानं बटण दाबलं आणि चारशे आठ किलो लोखंड डोळ्यांदेखत, सुळकन, काडीचाही आवाज न करता खाली गेलं. ज्या वजनांनी पंधरा माणसांचे खांदे मोडले होते ती चौदा सेकंदांत तळमजल्यावर! टाळ्या पडल्या. लिफ्ट तीनदा वर-खाली झाली. दोष शून्य.

"आता अहवाल," तपासनीस म्हणाला. सगळे तळमजल्यावर जमले होते. "लिफ्टचं वजन मर्यादेत आहे. मग मर्यादेबाहेरचं वजन कुणाचं?"

"माझं," भाऊसाहेब म्हणाले.

"नुसतं सांगून चालणार नाही. पडताळणी हवी. काटा आहेच."

भाऊसाहेबांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नजर चुकवली. मग सबंध इमारतीसमोर, स्वतःच शिक्का मारलेल्या काट्यावर भाऊसाहेब चढले. चपला काढून ठेवल्या, खिशातल्या किल्ल्या बायकोकडे दिल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. इतके सरळ ते लग्नाच्या फोटोतही उभे नव्हते.

"शहाऐंशी किलो, चारशे ग्रॅम," साहेबांनी वाचलं.

"काय?" बायको ओरडली. "एक्क्याण्णव होतं! साडेचार किलो उतरलं हो!"

"चार किलो सहाशे," भाऊसाहेबांनी भिंतीकडे बघतच दुरुस्ती केली.

पुन्हा टाळ्या पडल्या, या वेळी जोरात. तपासनिसावर काही परिणाम झाला नाही. "मर्यादा किती?"

"चौऱ्याहत्तर."

"म्हणजे अजूनही बाहेरच." त्यानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "तक्रारीत तथ्य आढळले. मात्र लिफ्टचा दोष नाही." खाली सही केली. सेक्रेटरींनी कुलूप काढून खिशात टाकलं. साहेब जाताना भाऊसाहेबांच्या कानाशी येऊन म्हणाले, "खुलाशाला हा अहवाल जोडा. मी फाइल बंद करतो."

गुरुवारी सकाळी भाऊसाहेब नवा तक्ता लिहून तयार होते. लिफ्ट सुरू, मोह हजर, मोजणी आजपासून. बायकोनं डबा हातात दिला आणि पहिल्यांदाच, कुठलीही टिप्पणी न करता, दारापर्यंत आली. तेवढ्यात तिला काहीतरी आणायचं आठवलं आणि ती चपला घालून त्यांच्या आधी जिन्यानं खाली गेली. भाऊसाहेब मागून निघाले आणि पाचव्या मजल्यावर थबकले.

बाई लिफ्टसमोर उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत पत्त्यांचा जोड. बोट बटणापाशी नेत होत्या आणि मागं घेत होत्या.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. सतरा दिवस बंद होती ना ही. आणि काल ते सगळं लोखंड..." त्या जरा ओशाळल्या. "चौतीस वर्षं पोरांना घाबरवलं हो मी. आणि आता एकटीनं या डब्यात शिरायला नको वाटतंय. हसू नका."

"हसत नाही."

"मग चला की माझ्याबरोबर."

भाऊसाहेबांनी जिन्याकडे पाहिलं. पंच्याण्णव पायऱ्या होत्या खाली. तक्त्यावर पहिली खूण करायला हात शिवशिवत होता. सतरा दिवस फुकट गेले होते आणि अठरावा कुठं खरा उजाडला होता. बाईंचा हात पिशवीच्या पट्ट्यावर घट्ट होता. त्यांच्या तीन मैत्रिणी दोन गुरुवार चौथ्या हाताशिवाय बसल्या होत्या.

त्यांनी बटण दाबलं, दार उघडून धरलं आणि बाईंच्या मागून आत शिरले.

लिफ्ट निघाली. बाईंनी त्यांचा दंड पकडला होता. चौथ्याला सोडला आणि तिसऱ्याला ऐटीत म्हणाल्या, "चांगली चालते की." लिफ्टमध्ये दुसरं कुणी नव्हतं. वाटेत कुणी चढलंही नाही. ऐन कामावर जायच्या वेळी असं का, हे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं नाही. ते आलं तळमजल्यावर दार उघडल्यावर.

जिन्यावरून माणसं उतरत होती. सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावरच्या वहिनी, त्यांचे यजमान, नाकानं श्वास घेणारा विमावाला आणि सगळ्यांत पुढं भाऊसाहेबांची बायको. सतरा दिवसांत पायांना वळण लागलं होतं. लिफ्ट सुरू झाल्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, किंवा आलं तरी पाय ऐकत नव्हते. सगळे जागच्या जागी थांबले. उघड्या दारात, बाई सोडल्या तर सबंध इमारतीत एकटेच लिफ्टनं उतरलेले भाऊसाहेब उभे होते.

"काय भाऊसाहेब," विमावाला हळूच म्हणाला, "आज कितवा दिवस?"

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. बाई काहीतरी सांगायला पुढं झाल्या होत्या. त्यांनी हातानं बाईंना थांबवलं.

"उद्यापासून," ते म्हणाले. "उद्यापासून नक्की."

आणि सगळ्यांच्या आधी तेच हसायला लागले. इतके, की शेवटी बाईंनीच त्यांच्या दंडाला धरून त्यांना फाटकापर्यंत नेलं.